गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, झोपेचा उपचार कुठे मिळतो?

प्रश्न: वय ४८. शाहूपुरीत राहतो, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, जनरल शिफ्ट. २०१९ आणि २०२१ असं दोनदा पुराचं पाणी घरात आलं, तेव्हापासून झोप गेली ती गेलीच. आधी मेडिकलमधून आणून अर्धी गोळी घ्यायचो, आता पूर्ण घेऊनही रात्री दोनला टक्क जाग येते. धारोष्ण दूध, तळपायाला काशाची वाटी, अश्वगंधा, सगळं झालं. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. हा खरंच आजार आहे का? गोळीशिवाय इलाज असेल तर कोल्हापुरात कुठे? की झोपेचं एवढं कौतुक पुण्या-मुंबईच्या लोकांनीच करायचं?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मी कोल्हापुरात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. झोपेची तक्रार घेऊन माझ्या ओपीडीत आयटीवाले क्वचितच येतात. येतात ते रात्री उसाला पाणी पाजणारे शेतकरी, हुपरीचे चांदी कारागीर, इचलकरंजीचे मागवाले, पहाटे चारला धारा काढायला उठणाऱ्या बायका, आणि निवृत्त मास्तर तर हमखास. त्यामुळे हे खूळ पुण्या-मुंबईचं आहे, ही समजूत आधी सोडा.

आता आजाराचं. आठवड्यातून किमान ३ रात्री, निदान ३ महिने, झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार लवकर उडते, आणि दुसऱ्या दिवशी कामात, मनःस्थितीत, स्वभावात त्याचा त्रास जाणवतो, अशी सगळी चिन्हं जुळली की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. यात ‘वेळ आणि जागा असूनही’ हे शब्द विसरू नका, पुढे लागणार आहेत. आणि यात तासांचा हिशोब कुठेही नाही, हेही बघा. पाच-साडेपाच तास झोपून दिवसभर खडखडीत असणारा माणूस आजारी नसतो. तुम्ही मात्र या व्याख्येत पुरेपूर बसता.

जगभरातल्या अभ्यासांत साधारण दर १० प्रौढांमागे एकाला हा त्रास सापडतो. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. त्यातले निम्मेच प्रौढ धरले तरी जवळपास दोन लाख माणसं होतात. हा माझा ढोबळ अंदाज आहे, सर्वेक्षण नव्हे; पण ‘किरकोळ तक्रार’ म्हणून बाजूला सारावी एवढी ही संख्या लहान नक्कीच नाही. एवढे लोक जातात कुठे? जातात फॅमिली डॉक्टरकडे, आणि सांगतात पित्त होतंय, डोकं दुखतंय, कामात लक्ष लागत नाही, पोरांवर उगीच खेकसतोय. झोपेबद्दल ते आपण होऊन बोलत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाही. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत पित्ताची गोळी लिहून होते, झोपेची कहाणी ऐकून होत नाही.

‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही शिकत होतो तेव्हा निद्रानाश हे कशाचं तरी लक्षण मानलं जायचं. मूळ आजार म्हणजे नैराश्य, चिंता, दुखणं. ते बरं झालं की झोप आपोआप येईल, असा समज. हा विचार मागे पडला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपलं आजारांचं वर्गीकरण सुधारलं तेव्हा प्राथमिक निद्रानाश आणि दुय्यम निद्रानाश हा भेदच काढून टाकला. निद्रानाश हा स्वतंत्र आजार आहे आणि सोबत दुसरं काही असलं तरी त्यावर वेगळा उपचार करायचा, ही आजची भूमिका आहे. त्याचं कारणही ठोस आहे. ज्यांना आज नैराश्य नाही पण झोप नाही, अशा लोकांना पुढे नैराश्य येण्याचा धोका व्यवस्थित झोपणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो. म्हणजे टेन्शनमुळे झोप जाते हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे.

तुमच्या बाबतीत काय झालं असावं ते सांगतो, कारण उपचार त्यातूनच निघतो. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली निद्रानाशाची मांडणी तीन टप्प्यांत केली. काही माणसांची झोप मुळातच हलकी असते, ती झाली पूर्वतयारी. मग काहीतरी घडतं आणि झोप उडते. आणि नंतर, ते घडून गेल्यावरही, आपण झोप परत मिळवण्यासाठी ज्या खटपटी करतो त्यांनीच निद्रानाश टिकून राहतो. गंमत अशी की रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना फक्त मधला टप्पा दिसतो.

पूर हा तुमचा मधला टप्पा. तो मी कमी लेखत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे नदीकाठच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता मोबाइल उघडून पातळी बघणारी घरंच्या घरं मला माहीत आहेत. त्या रात्रींत जागं राहणं हा आजार नाही, ते शहाणपण आहे. पाणी दाराशी आलं तर गाद्या वर कोण टाकणार? (एक व्यवहाराची गोष्ट: घरात दोन-तीन मोठी माणसं असतील तर पुराच्या दिवसांत जागण्याच्या पाळ्या लावा. एकाने जागायचं, बाकीच्यांनी खरंच झोपायचं. सगळं घर मिळून जागण्याने पाणी कमी होत नाही.)

पण पाणी ओसरलं, भिंतींना रंगही लागला, तरी झोप आली नाही. ती का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण सवयीने अंदाज करतो. ‘झोप लागायला वेळ लागतो’ म्हणून तुम्ही साडेनऊलाच अंथरुणावर पडायला लागला असाल. रविवारी पहाटे डोळा लागला म्हणून आठपर्यंत पडून राहत असाल. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून ताणून देत असाल. रात्री जाग आली की घड्याळ बघून ‘आता चारच तास उरले’ असा हिशोब करत असाल. आणि संध्याकाळी सातलाच मनात पाल चुकचुकत असेल की आज तरी लागेल का. हे सगळं साहजिक आहे आणि हेच तुमच्या आजाराचं खतपाणी आहे.

झोप भुकेसारखी चालते. जागं राहण्याच्या प्रत्येक तासाला ती थोडी थोडी वाढत जाते. मेंदूत अडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याचा दाब पुरेसा झाला की झोप ओढून नेते. दिवसभर चरत राहणाऱ्याला जेवणाच्या वेळी भूक नसते, तसं साडेनऊला पडणाऱ्या, दुपारी डुलकी काढणाऱ्या माणसाकडे रात्री झोपेचा दाबच उरत नाही. मग तो अंथरुणात जागा राहतो. महिनोन्‌महिने जागा राहिला की मेंदू अंथरूण आणि जागरण यांची गाठ मारून टाकतो. एक पेशंट म्हणाला होता, “डाक्टर, टीव्हीपुढं बसलो की मान पडत्या, आन्‌ अंथरुणात गेलो की खुळ्यागत डोळे उघडत्यात.” याहून नेमकं लक्षण मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही.

ही गाठ सोडवण्याच्या उपचाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीबीटी-आय म्हणतात. मराठीत सांगायचं तर निद्रानाशासाठी विचार आणि वर्तन यांवर काम करणारा, चार ते आठ बैठकांचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली आणि युरोपच्या निद्रा संशोधन संस्थेने २०१७ साली सांगितलं की जुनाट निद्रानाशात पहिला उपचार हाच, गोळी नंतर. युरोपवाल्यांनी २०२३ साली मार्गदर्शिका सुधारल्या तेव्हाही हा क्रम बदलला नाही. आपल्याकडे मात्र क्रम बरोबर उलटा लागतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत दुसरी पायरी येतच नाही.

आता तुमच्यासाठी. दोन आठवडे एका वहीत रोज सकाळी लिहा: किती वाजता पडलो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलो, गोळी किती घेतली, शेवटचा चहा किती वाजता. घड्याळाकडे बघून लिहू नका, अंदाजच हवा आहे. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेली ‘गाढ झोप’ वगैरेही नको. त्या आकड्यांनी काळजी वाढलेली माणसंही येतात हल्ली. समजा साडेनऊ ते सहा तुम्ही अंथरुणात असता आणि झोप होते पाच तास. म्हणजे साडेआठ तासांतले पाच, ५९ टक्के. हा आकडा ८५च्या वर नेणं हे काम. झोप ओढून वाढवता येत नाही, पण अंथरुणातला वेळ कमी करणं तुमच्या हातात आहे. एरवी मी अशा पेशंटला रात्री साडेबारा ते सकाळी सहा एवढाच वेळ दिला असता. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात, संध्याकाळी डोळे मिटायला लागतात, चिडचिड होते. मग झोप एका तुकड्यात यायला लागते. ८५ टक्क्यांच्या वर गेली की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत न्यायची.

तुम्हाला मात्र साडेबारा देणार नाही. तुम्ही भट्टीजवळ काम करता. वितळलेल्या लोखंडापाशी एक डुलकीसुद्धा परवडणारी नाही. ट्रकचालक, प्रेसवर काम करणारे, उंचीवर चढणारे यांनाही हीच खबरदारी. तुम्ही बारा ते सहा असे सहा तास ठेवा, सुरुवात चार दिवसांच्या सुट्टीला जोडून करा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत झोप अनावर होत असेल तर दुचाकीने कामावर जाऊ नका. फिट्स येणाऱ्यांनी, घोरण्याबरोबर श्वास अडकणाऱ्यांनी आणि बायपोलर आजार असलेल्यांनी हा प्रयोग मनाने करूच नये. त्यांचं झोप कमी करण्याने नुकसान होऊ शकतं.

दुसरा भाग अंथरुणाशी मारलेल्या गाठीचा. त्याचे नियम रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडले आणि ते आजही तसेच वापरतो. झोप आली तरच अंथरुणात जायचं, नुसतं थकलो म्हणून नव्हे. बराच वेळ डोळा लागला नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप आली की परत. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. दुपारी झोप नाही. इथे माझे पेशंट रास्त शंका काढतात: दोन खोल्यांत पाच माणसं झोपलेली, उठून जाऊ कुठं? खुर्ची चालेल, स्वयंपाकघराचा उंबरठा चालेल, अंथरुणाच्या बाहेर भिंतीला टेकून बसलं तरी चालेल. आणि जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांचा एक फायदा सांगतो. सकाळी ते गुंडाळून ठेवलं की दिवसभर त्यावर लोळणं, जेवणं, मोबाइल बघणं आपोआप बंद होतं. घरोघरी दिवाण आले आणि अंथरूण चोवीस तास उघडं राहायला लागलं. झोपेच्या दृष्टीने ही प्रगती मला तरी वाटत नाही.

तिसरा भाग विचारांचा. ‘आठ तास झोप झाली नाही तर उद्या काही खरं नाही’ यासारख्या समजुती बैठकीत बसून तपासाव्या लागतात. त्या लिहून शिकवता येत नाहीत, म्हणून इथे थांबतो.

तुम्ही केलेल्या उपायांबद्दल झटपट सांगतो. गंगावेशीतलं धारोष्ण दूध चवीला उत्तम, पण झोपेवर त्याचा भरवसा नाही, आणि दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येतात. काशाची वाटी खुशाल चालू ठेवा. त्या दहा मिनिटांत मोबाइल हातात नसतो, एवढाच गुण मी तिला देईन. अश्वगंधाचे काही छोटे अभ्यास बरे आहेत, परिणाम माफक आहे. थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असेल, किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय नको. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या पंगतीत निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हणून बसवलं, हे आपल्याकडे सगळे अभिमानाने सांगतात आणि रात्री साडेअकराला तांबडा रस्सा ओरपतात.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, पण विचारतोच. तंबाखू खाता का? निकोटीन जागं ठेवणारं द्रव्य आहे. झोपताना मिसरी लावणाऱ्या बायका आणि मावा तोंडात धरून पडणारे पुरुष मला म्हणतात, त्याशिवाय झोपच येत नाही. खरं म्हणजे तलफ शमते आणि तिलाच ते झोप समजतात. आणि संध्याकाळी क्वार्टर? दारूने डोळा लवकर लागतो आणि रात्रीचा दुसरा अर्धा भाग विस्कटतो. दोनला टक्क जाग येणाऱ्या पुरुषाला मी हा प्रश्न बायकोला बाहेर बसवून विचारतो. चहाचंही बघा, कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात.

गोळीवर जरा थांबतो, कारण खरी गफलत इथे आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या बहुतेक अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा झोल्पिडेम या असतात. भारतात त्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात पेशंट, डॉक्टर आणि औषध यांची नोंद करायची, ती ३ वर्षं जपायची, असा नियम २०१४ पासून लागू आहे. तो पाळणारे दुकानदार आहेत. पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला जुन्या पट्टीवर नवी पट्टी मिळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पूर, अपघात, घरातला मृत्यू अशा प्रसंगी दोन-चार आठवडे गोळी देण्यात काही गैर नाही, मीही देतो. अडचण पाचव्या आठवड्यापासून सुरू होते. शरीराला तिची सवय होते, अर्धीची पूर्ण होते, आणि एखाद्या रात्री चुकली की झोप पहिल्यापेक्षा वाईट जाते. मग माणूस म्हणतो, बघा, माझा आजार किती गंभीर आहे. वास्तविक ती गोळी सोडल्याची प्रतिक्रिया असते.

म्हणून हे वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. रोजची गोळी एकदम तोडली तर थरथर, घबराट, क्वचित फिटसुद्धा येते. डॉक्टरच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी करत जायचं, आणि ते वरच्या उपचाराबरोबर. घरात सत्तरीचे आई-वडील हीच गोळी घेत असतील तर जास्त घाई करून डॉक्टरला भेटा. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाखाली गोळ्यांची पट्टी सापडणं आमच्याकडे नवलाचं नाही.

या बाबतीत कॅनडातला एक प्रयोग मला फार आवडतो. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. झोपेच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या औषध दुकानांमार्फत गाठलं आणि एक छोटी पुस्तिका दिली: या गोळीचे धोके काय, ती टप्प्याटप्प्याने कशी सोडायची, डॉक्टरशी काय बोलायचं. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली, न मिळालेल्यांत फक्त ५ टक्के. बाकी काही केलं नाही. जिल्ह्यातल्या औषध विक्रेत्यांनी मनावर घेतलं तर मराठीत अशी पुस्तिका छापायला किती खर्च येईल?

निद्रानाश वाटतो पण वेगळंच असतं, अशीही प्रकरणं असतात. जोरात घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं, मानेचा घेर मोठा, सकाळी डोकं जड, बीपी आटोक्यात न येणं, असं असेल तर झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी हवी. ही स्लीप स्टडी कोल्हापुरात खासगीत होते. असा त्रास असताना झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते. रात्री पायांत वळवळ, पाय हलवल्याशिवाय चैन नाही, अशी तक्रार असलेल्या बाईचं शरीरातलं लोह तपासा. चाळिशी-पन्नाशीत अंगातून वाफा येऊन जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोला. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी घेता येईल का, विचारा.

आणि आता ते ‘वेळ आणि जागा असूनही’. आपल्या जिल्ह्यात हजारो लोकांना झोपेची संधीच मिळत नाही, आणि तो आजार त्यांचा नाही, व्यवस्थेचा आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात करवीर, पन्हाळा, राधानगरीचा शेतकरी बॅटरी घेऊन साप आणि गव्याच्या धास्तीत उसात उभा असतो आणि सकाळी परत धारा काढायला हजर असतो. दिवसा दहा तास वीज द्या या मागणीसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात धरणं धरलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी शेतीच्या पानावर छापली. माझ्या मते ती आरोग्याच्या पानावरही यायला हवी होती. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. दिवसा वीज मिळालेल्या गावांत लोकांच्या झोपेचं आणि रक्तदाबाचं काय झालं, हे कुणीतरी मोजावं. इचलकरंजीत मागाचे खटके रात्रभर चालतात, आणि कामगाराचं घर बहुधा शेडच्या भिंतीला लागूनच असतं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या फिरायला लागतात. रात्रपाळी ही माणसात ‘बहुधा कर्ककारक’ असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली म्हटलं आणि २०१९ साली पुन्हा तपासून कायम ठेवलं. मिरवणुकीच्या डॉल्बीबद्दल कोल्हापुरात बोलणं म्हणजे वैर घेणं. तरी नोंदवतो: निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, कायद्याने, २००० सालापासून.

या माणसांना ‘झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने आंघोळ करा’ असं पत्रक वाटणं ही थट्टा आहे. फिरत्या पाळीच्या कामगाराला निदान पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवून मिळाल्या पाहिजेत, उलट्या नव्हे. आणि रात्रपाळीनंतरच्या सकाळी त्याच्या घरच्यांनी दुपारपर्यंत तरी त्याला उठवू नये.

उपचार देणार कोण, हा तुमचा उरलेला प्रश्न. भारतात दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नाही, पाऊणच भरतो. जिल्ह्यातल्या आम्ही सगळ्यांनी दिवसरात्र सीबीटी-आयच केलं तरी ते दोन लाख लोक आटोपणार नाहीत. पण त्यासाठी आम्हीच लागतो असंही नाही. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सनी चार छोट्या भेटींत फक्त अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग शिकवला. ६४२ पेशंटचा तो अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, सहा महिन्यांनीही फायदा टिकून होता. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर असाच बोलण्याचा उपचार यशस्वी करून दाखवला, तोही २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला. झोपेचा उपचार त्याहून सोपा आहे. त्यात वही, पेन आणि बेरीज-भागाकार लागतो. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, तिशीच्या पुढच्यांचं बीपी-शुगर तपासतात. त्याच वेळी तीन प्रश्न जोडता येतील: झोप आठवड्यातून किती रात्री बिघडते, किती महिने, आणि गोळी घेता का. पुढच्या चार भेटी त्यांनीच करायच्या, अडलेले पेशंट वर पाठवायचे. माझं एवढंच मागणं आहे आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

ते होईपर्यंत तुम्ही काय करायचं? सीपीआरमध्ये, म्हणजे सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढा. खासगीत जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की निद्रानाशासाठी वर्तनोपचार करता का, की फक्त औषध देता. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. शहरातले काही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे काम करतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. रात्री तीन वाजता जीव घाबरला तर तिथे फोन करा. जगणं नकोसं वाटत असेल तर वही भरायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. याउलट, तीन-चार तास झोपूनही अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह, बडबड, उधळपट्टी असं कधी झालं असेल तर तेही आवर्जून सांगा. तो निद्रानाश नसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

पहिल्या भेटीला दोन आठवड्यांची वही, घेत असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या (बीपीच्या, पित्ताच्या, आयुर्वेदिक, सगळ्या) आणि बायकोला घेऊन जा. तुम्ही घोरता की नाही, श्वास अडकतो की नाही, आणि ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ म्हणता तेव्हा खरं काय चाललेलं असतं, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.